टाळीआधीची कळ

थंडी पडली की बंगळुरात अवरेकाईचा मोसम सुरू होतो. पावट्याच्या जातीच्या या शेंगा घराघरांत पिशव्या भरभरून येतात आणि सोलायला माणसं कमी पडतात. आमच्या अक्का तर त्या वर्गातच घेऊन यायच्या. मांडीवर स्टीलचं ताट, पायाशी पिशवी, पाठ भिंतीला टेकलेली, आणि हात चालू. त्यांच्या एका होकारावर माझी दोन वर्षांची धडपड अडकली होती, आणि माझ्या परीक्षेच्या दिवशीही त्या शेंगाच सोलत होत्या. मला त्याचा चांगलाच राग आला होता.

परीक्षा कसली ते आधी सांगते, कारण आमच्या घरातही निम्म्या लोकांना ते अजून कळलेलं नाही. डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबतीला राहणारी. ती डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणही नाही. ती कंबर दाबून देते, घोटघोट पाणी पाजते, श्वासाची लय धरून देते, नवरा गांगरला तर त्याला कामाला लावते, आणि मुख्य म्हणजे उठून जात नाही. दिवस भरत आलेल्या जोडप्यांचे वर्ग घेणाऱ्या शिक्षिका असतात, त्यांचं काम त्याच्या आधीचं. मी दोन्ही कामं बरीच वर्षं केली. मग मला या बायकांना शिकवणारी प्रशिक्षक व्हायचं होतं, आणि त्याला आमच्या संस्थेची मान्यता लागते. आधी दुसऱ्यांचे वर्ग बघायचे, मग कुणाच्या तरी हाताखाली शिकवायचं, आणि शेवटी एक अख्खा अभ्यासक्रम एकटीनं घ्यायचा, परीक्षक मागे बसलेले असताना. माझे मामा एका बारशाच्या पंगतीत म्हणाले, "म्हणजे सुईणींची हेडमास्तरीण." मी हो म्हणून टाकलं, कारण पानातली जिलबी गार होत होती.

आम्ही पिढ्यान् पिढ्या बंगळुरातले मराठी, कापडाच्या दुकानातले. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळायचं हे आम्हाला बाळकडूतच मिळालेलं. त्यामुळे माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही, आणि कुणी मध्ये तोंड घातलं की डोकं तापतं. माझ्या परीक्षक अक्का नेमक्या उलट. आयुष्यभर बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेलं, नर्सांच्या कितीतरी तुकड्या हाताखालून गेलेल्या, आणि बोलणं मोजून मापून. त्या कन्नडच बोलायच्या, आणि पुष्कळदा नुसतं 'सरी', म्हणजे बरं, एवढंच. मी मराठीत लिहिते आहे, पण मराठीत त्यांचा अर्धा धाक गळून पडतो.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा एका बाळंतपणाला गेले, तेव्हा कॉटवरची बाई सगळ्यांना हसून दाखवत होती. मी तिला म्हणत होते, वा, किती छान सोसते आहेस. अक्कांनी मला दंडाला धरून कॉटच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि चादर स्वल्प वर केली. तिच्या पायाची बोटं मुडपून आत वळली होती, नखं पांढरी पडली होती. अक्कांनी तिच्या तळव्यांना नुसते हात लावून ठेवले. हळूहळू बोटं सुटली, आणि बाई हसायची थांबून रडायला लागली, आणि मग तिचं काम पुढे सरकलं. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "चेहरा सासरी शिकून आलेला असतो. पायाच्या बोटांना कुणी शिकवलेलं नसतं." त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आजही मी कुणाबद्दल इतक्या आदरानं बोलत नाही, आईबद्दलसुद्धा.

माझा परीक्षेचा अभ्यासक्रम बनशंकरीत होता, एका नृत्यवर्गाच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. भिंतीला लांबच लांब आरसे होते, खाली दर्शिनी, म्हणजे उभ्याउभ्या खायचं हॉटेल, होती, आणि सकाळभर डोशाचा वास वर येत राहायचा. विद्यार्थिनींपैकी दोघींबद्दल सांगायलाच हवं. एक आनेकलहून बसनं यायची. तिथल्या शाळेत ती मुलांना खेळ शिकवायची, आणि तिचा आवाज मैदानावरचा होता. मी काहीही सांगितलं की ती विचारायची, "यांके, मेडम?" म्हणजे का. कंबर इथंच का दाबायची, पायाची बोटं का बघायची, नवऱ्याला बाहेर का नाही पाठवायचं, प्रत्येक गोष्टीला का. मला ती काट्यासारखी टोचायची. दुसरी बेळगावची, व्हाइटफील्डमध्ये फिजिओथेरपिस्ट, आणि स्वतःच पोटुशी. नववा महिना लागला तशी ती बनशंकरीत मावशीकडे राहायला आली होती आणि नावही इथल्याच दवाखान्यात घातलं होतं. बाळ यायच्या आत अभ्यासक्रम संपवायचा हा तिचा हट्ट. सगळ्यांशी तिचं चांगलं जमायचं, माझ्याशी तर मराठीमुळे जास्तच.

परीक्षेच्या दिवशी मी बाळंतपणाचं नाटक ठेवलं होतं. आमच्या शिक्षणातला हा ठरलेला भाग आहे. एकीनं पोटावर ओढणीनं उशी बांधून बाळंतीण व्हायचं, एकीनं पाठीशी बसायचं, एकीनं पायाशी, आणि बाकीच्यांनी बघायचं. मी टाळी वाजवली की कळ आली असं समजायचं, दुसरी टाळी वाजली की गेली. उशी आणायला मी कुणाला तरी सांगत होते, तेवढ्यात बेळगावची चटईवर जाऊन बसली.

"खरं पोट असताना उशी कशाला ओ मॅडम?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पाठीशी एक बसली, पायाशी आनेकलची. अक्का मागे शेंगा सोलत होत्या. मी टाळी वाजवली आणि नाटक सुरू झालं.

पण बेळगावचीला काही ते जमेना. मी टाळी वाजवायच्या आधीच ती पुढे वाकून श्वास सोडायला लागायची, आणि दुसरी टाळी होऊन गेली तरी हिची कळ चालूच. मधल्या वेळात मात्र अगदी मजेत, पाठीमागचीला नवऱ्याचे किस्से सांगायची, वर चिक्कीही खायची. मी एकदा हसून सांगितलं, दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून. अक्कांसमोर माझ्या वर्गाची शोभा होत होती. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "अगं, बाळंतपण इतकं आरामात होत नाही. अभिनय नीट कर. आणि कळ माझ्या टाळीवर येऊ दे."

"येतंय की मॅडम," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

तेव्हा पायाशी बसलेली आनेकलची बोलली, आणि त्या मैदानी आवाजातच बोलली. "मेडम, टाळी नका वाजवू."

मी म्हटलं, "मध्ये बोलू नका. तुमची पाळी येईल."

"टाळी नका वाजवू," ती पुन्हा म्हणाली. "तिच्या कळा तिच्या तिच्या येताहेत. बोटं बघा."

परीक्षक बसलेले असताना एका विद्यार्थिनीनं मला दोनदा गप्प केलं होतं. माझं डोकं असं तापलं होतं की मी केवळ तिला खोटं पाडायला म्हणून वाकून बघितलं. बेळगावचीच्या पायाची बोटं चटईत रुतली होती. नखं पांढरी. आनेकलचीनं कधीचे तिच्या तळव्यांना हात लावून ठेवलेले होते, आणि मी बघत असतानाच बोटं सुटली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सकाळपासून जरा होतंय," बेळगावची म्हणाली. "मला वाटलं गॅस असंल. नंतर वाटलं, एवढा वर्ग होऊ दे."

हॉलभर बाळंतपण शिकलेल्या बायका होत्या, भिंतीला आरसे होते, आणि आनेकलची सोडून आमच्यापैकी कुणालाही समोरची खरी बाळंतीण दिसली नव्हती. मी तर तिच्या कळांना वेळेवर येत नाहीत म्हणून रागावले होते. तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी या म्हणून सांगितलं. नवऱ्याला फोन केला, तो व्हाइटफील्डहून निघाला, पण व्हाइटफील्डहून निघणं आणि बनशंकरीला पोचणं यात किती अंतर असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मावशी दवाखान्यात पोचते म्हणाली. नवऱ्याखेरीज एकच सोबतीण आत सोडतात, एवढं बेळगावचीला आधीच माहीत होतं. मी माझी पिशवी उचलली. आम्हा दोघींचं मराठीत गूळपीठ, माझा इतक्या वर्षांचा अनुभव, दुसरं कोण जाणार?

ती जिन्याशी थांबली. "मॅडम, राग मानू नका. ह्यांना येऊ दे माझ्याबरोबर." आणि तिनं आनेकलचीचा हात धरला. "पायाला हात लावला तेव्हा मला बरं वाटलं."

आनेकलचीनं एकटीनं अजून एकही बाळंतपण केलेलं नव्हतं. या टप्प्यावर विद्यार्थिनीला सोबतीला जायची मुभा असते, पण मुभा वेगळी आणि तयारी वेगळी. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून अक्का म्हणाल्या, "सरी, जाऊ दे. तू पुढचा धडा घे." दोघी रिक्षात बसून गेल्या. मी वर येऊन पुढचा धडा घेतला. काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी अक्कांजवळ जाऊन बसले. ताटात सोललेल्या दाण्यांचा ढीग होता, आणि ताटाच्या कडेला वेगळी काढलेली दाण्यांची एक ओळ. सुरुवातीला त्यांच्यात बरंच अंतर होतं, पुढे पुढे दाणे जवळ आले होते. मी त्या ओळीकडे बघत राहिले आणि मग मला कळलं.

"तुम्ही कळा मोजत होतात, अक्का."

"हं."

"सकाळपासून?"

"अजून वेळ होता. पहिलंच बाळंतपण."

मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. थोडक्यात एवढंच की माझं हसं होताना बघत बसलात, असं मी त्यांना सुनावलं, आणि त्यांनी ते शेंगा सोलत ऐकून घेतलं. माझी वाफ गेल्यावर म्हणाल्या, "कळा फार जवळ आल्या असत्या तर मी उठले असते. पण तू बघतेस का ते मला बघायचं होतं. तू नाही बघितलंस."

"म्हणजे नापास."

"सोलायला लाग," त्या म्हणाल्या, आणि मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात टाकल्या.

मला खरोखर रडू येत होतं. दोन वर्षं सकाळी घरचं आटोपून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले होते, दुसऱ्यांच्या वर्गात मागे बसून स्वतःला गप्प बसायला शिकवलं होतं, आणि ते सगळं एका टाळीत घालवलं असं वाटत होतं. त्यातून तिकडे ती आनेकलची एकटी. तिला पाठीला आधार द्यायचं सुचलं असेल का? बाईला चालवलं असेल का? नुसती का, का विचारत तर बसली नसेल? माझ्यानं राहवेना. मी फोन लावला.

तिनं पहिल्या घंटीला नाही उचलला. मी पुन्हा लावला. उचलल्यावर मागून बेळगावचीचा लांब, जड श्वास ऐकू आला, चांगला खोल. मी सुरू झाले, "हे बघा, आता तिला कुशीवर..."

"मेडम," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज मैदानावरचा नव्हता, इतका हळू की मला फोन कानाला दाबून धरावा लागला. "तिला माझे दोन्ही हात पाहिजेत. ठेवते."

आणि तिनं ठेवला. मी हातातल्या फोनकडे बघत बसले. माझ्या उभ्या आयुष्यात माझं वाक्य कुणी असं अर्ध्यात तोडलं नव्हतं.

काय झालं ते अक्कांना माझ्या तुटलेल्या वाक्यावरूनच कळलं होतं. मान खाली घालून त्या हसत होत्या, खांदे हलेपर्यंत. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी कडेची ती दाण्यांची ओळ बोटानं ढिगात लोटली आणि ताट खाली ठेवलं.

"मी तुझी एकटीची परीक्षा घेतच नव्हते," त्या म्हणाल्या. "तुला तर मी ओळखते. तुझ्या हाताखालून काय निघतं ते बघायचं होतं. ती तुझ्यापेक्षा आधी बघते, तुला गप्प बसवते, तुझा फोन ठेवते. सरी. झालीस पास."

मान्यतेचं पत्र पुढे आलं, मामांनी ते पंगतीत वाचूनही दाखवलं. पण माझ्या लेखी ते त्या दुपारीच आलं होतं. मी रडले, आणि अक्कांनी त्याकडे बिलकूल लक्ष दिलं नाही. उरलेल्या शेंगा आम्ही दोघींनी मिळून संपवल्या.

दिवेलागणीला आनेकलचीचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप, नवरा वेळेवर पोचला आणि त्यालाही तिनं कामाला लावलं होतं. आवाज पुन्हा मैदानावरचा झाला होता. सगळं सांगून झाल्यावर ती जरा घुटमळली.

"मेडम, दुपारी मी फोन ठेवला. चुकलं का माझं?"

"हो," मी म्हटलं. "पुढच्या वेळी उचलूच नका."