अक्कांना दिसलेली वाकडी ओळ

अक्का दोन छापील कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला टेकवायच्या आणि एक डोळा मिटून बघत राहायच्या. जळगावच्या त्या ऑफिसात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, पाठमोरं. पुस्तकांची पानं जुळवायचं मराठी सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. एका ठिकाणी दुरुस्ती केली की भलतीकडेच शब्दांमधली जागा बिघडायची. म्हणून नवी आवृत्ती तयार झाली की तीच ठरलेली पानं पुन्हा छापून जुन्या छापाशी ताडून बघायचं काम अक्कांकडे होतं. दोन्ही छाप जुळले की त्या म्हणत, "बठ्ठं जागावर शे," म्हणजे सगळं जागेवर आहे. मगच आवृत्ती बाहेर जाई.

अक्का मूळच्या सोनगीरच्या. धुळ्यातल्या छापखान्यात त्यांनी अक्षरजुळणी केलेली. छापखाना बंद पडला, पाठोपाठ नवरा गेला, मुलगी लग्न होऊन सुरतेला. जळगावात एक खोली घेऊन राहत. रविवारीसुद्धा ऑफिसात यायच्या. तपासणीची पानं त्यांनी स्वतःच लिहिली होती, अहिराणीत. "जेवी लिधं का?" "कव्हय येशी?" जेवलीस का, कधी येशील, अशी घरातली माणसं एकमेकांना विचारतात तसली वाक्यं, ओळीमागून ओळी. हीच का, असं मी एकदा विचारलं.

"घर जाईसन कोनसंगे बोलू?" त्या म्हणाल्या आणि पुढचा कागद काचेला लावला.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. नव्या छापात ओळी मधोमध झुकतात, शब्द दाटतात, म्हणाल्या. मी संगणकावर मोजलं. काहीच हललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर तीच तक्रार. साहेबांना आवृत्ती पाठवायची घाई होती.

"मी खोटं बोलस का, माय?" अक्कांनी मला विचारलं.

मी उठले. कपाटातून जुना छाप काढला, त्यांनीच पूर्वी पास केलेला, आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्या बराच वेळ बघत बसल्या.

"हाई बी वाकडी शे," त्या हळूच म्हणाल्या. मग कागद उलटा करून ठेवला. "मंग मना डोयाच सरकना." ओळ नाही, त्यांचा डोळाच सरकला होता.

डॉक्टरांकडे मी सोबत गेले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चालला होता. समोरचं जाईल, कडेचं थोडं राहील, असं ते म्हणाले. अक्कांनी दुसऱ्याच दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही येत जा, नुसत्या बसा." अक्कांनी नकारार्थी मान हलवली. नुसतं बसायला त्या घरी होत्याच.

पण त्यांनी लगेच सोडलं नाही. कुठे काय बघायचं ते त्या सांगत गेल्या आणि मी त्यांच्या पानांतली जागा संगणकाला मोजायला शिकवली. ते जमलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, "हाऊ वाचस का, माय?"

"नाही अक्का. फक्त मोजतो."

"बरं," म्हणाल्या आणि डबा पिशवीत ठेवला.

काम सोडल्यावर मुलगी सुरतेला बोलावत होती, पण त्या सोनगीरला एकट्या राहायला गेल्या. मी हिवाळ्यात भेटायला गेले. दार उघडंच होतं. माझा आवाज त्यांनी ओळखला. मी समोर पाटावर बसले, तर त्या हाताने चाचपत म्हणाल्या, "समोर नको बसू. बाजूले बस, तवय तू दिसशी."

मी बाजूला सरकले. संध्याकाळपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून माझ्याशी बोलत होत्या.