थीटा कोण?

आमच्या बुऱ्हाणपुरात घरी मराठी, शाळेत हिंदी आणि भांडणात दोन्ही, असा रिवाज आहे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण एका अक्षराने माझं वाटोळं केलं, म्हणून सांगते. मराठीत ज्याला कोन म्हणतात, त्याला हिंदीत कोण म्हणतात. आणि आमच्या घरातली मोठी माणसं 'कोण आलं?' असं न विचारता 'कोन आलं?' असं विचारतात. दोन्ही शब्द आमच्याकडे एकाच खुंटीला टांगलेले.

अकरावीला मी हट्टाने सायन्स घेतलं होतं. मला इंजिनिअर व्हायचं होतं. घरात केळीची शेती, आणि शेतीपासून पोरीबाळींपर्यंत सगळे निर्णय मोठेबाबांचे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचे. मुलीने आर्ट घ्यावं, बी.ए. होईतो स्थळ सापडतं, हे त्यांचं शैक्षणिक धोरण. वडिलांनी हातापाया पडून परवानगी काढली, ती एका अटीवर. पोरीबद्दल एक शब्द जरी कानावर आला, की सायन्स बंद. शाळेत दिवाळीपर्यंत विषय बदलता येत होता, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती.

आणि दिवाळीच्या आधीच कार्याचा धडा आला. हिंदी पुस्तकात कार्य म्हणजे काम. आमच्या घरी कार्य म्हणजे लग्न. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

धडा साधा होता. दोरी तिरकी धरून ओझं ओढलं, तर सगळा जोर ओझं पुढे न्यायला लागत नाही. थोडा नुसता वर उचलण्यात जातो. पुढे नेणारा हिस्सा किती, ते दोरी आणि जमीन यांच्यातला कोन ठरवतो. त्या कोनाचं नाव थीटा. तो साठ अंशांचा असला, तर शंभराचा जोर लावून पन्नासच कामी येतो. नव्वदचा झाला, तर कामाच्या नावाने भोपळा. मला हे फारच आवडलं. दर उन्हाळ्यात मोठेबाबा कूलरला दोरी बांधून त्याच्या अगदी जवळ ताठ उभे राहून ओढायचे. कूलर पुढून उठायचा, जागचा हलायचा नाही, आणि शिव्या आम्हाला पडायच्या. त्या शिव्यांमागचं शास्त्र मला आता कळलं होतं.

एका संध्याकाळी मी मैत्रिणीला फोनवर गणित समजावत होते. अभ्यास आम्ही हिंदीतच करायचो. "देख, दोनों के बीच में कोण थीटा है. साठ का है ना, इसलिए आधा ही काम बना. थीटा ज़ीरो हो जाए, तो पूरा बन जाएगा."

मोठेबाबा बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. आत जाऊन मोठ्या आईला, म्हणजे माझ्या काकूला, सांगितलं, की पोरीचं कोणा थीटाशी जमलंय, पोरगा साठ टक्केवाला आहे, आणि अर्धं काम झालंसुद्धा. असलं नाव आपल्या समाजात नाही, एवढीही चौकशी त्यांनी मनातल्या मनात करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ते वडिलांना घेऊन थेट माझ्या कोचिंग क्लासमध्ये हजर. क्लास भरलेला, सर फळ्याशी.

"आपके यहाँ थीटा कौन है?"

सर खूश झाले. पालक फक्त फी कमी करा म्हणायला येतात. फिजिक्स विचारायला आलेला हा पहिलाच. "जी, थीटा कोण है."

"वही तो पूछ रहा मैं, कौन है?"

"हाँ हाँ, कोण है. बीच का कोण."

"बीच में है वो मालूम है! गाँव कौन-सा? धूलकोट का, कि देडतलाई का?"

सरांनी खडू उचलला. जमीन काढली, ओझं काढलं, तिरकी दोरी काढली आणि दोरी-जमिनीच्या मध्ये छोटासा थीटा बसवला. "ये बैठा है, देखिए."

सगळा क्लास हसत सुटला. वडील तोंडाला रुमाल लावून हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. तू तरी हसायला नको होतंस, असं लोक मला आजही सांगतात. मला तसं वाटत नाही.

थीटा निर्दोष सुटला. शिक्षा मला झाली. मोठेबाबा घरी येऊन म्हणाले, "कोन असो नाही तं मानूस असो, पोरीपायी आज मले लोकं हसले. एक शब्द म्हटलं होतं ना मी?" अटीला ते पक्के होते. एक शब्द खरोखरच कानावर आला होता, ग्रीक का असेना.

त्याच आठवड्यात वडील शाळेत जाऊन माझा विषय बदलून आले. मी विचारलं, "तुम्हाले तं समजलं होतं ना, थीटा काय ते?"

"समजलं ना. पण आता ते मागं हटले, तं लोकाइले तोंड कसं दाखवतील? तू हुशार आहे. तुले काय फरक पडते? तिकडं बी पहिली येशील."

आणि मी पहिली आले. मोठेबाबांनी गल्लीभर पेढे वाटले, वडील म्हणाले, "पाह्य, म्हटलं होतं का नाही?" मोठेबाबांवरचा माझा राग केव्हाच गेला, त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. वडिलांना सगळं कळलं होतं. त्यांच्याशी मी अजून नीट बोलत नाही.