दादाचा वजीर

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि दुकान बंद झालं की वरच्या खोलीत नवशिक्यांना बुद्धिबळ शिकवायचा. माणूस तसा अगदी गरीब गाय. पण कोणी दुसऱ्या-तिसऱ्या चालीला वजीर पुढे काढला की त्याचा पारा चढलाच! तो वजीर उचलून सरळ आपल्या शर्टाच्या खिशात टाकायचा. "आता खेळा याच्याशिवाय!" मोठमोठी माणसं चडफडत बसायची. मग दादा समजावायचा, "अरे, वजीर एकटा बाहेर पडला की समोरचा त्याच्या मागे लागतो. तुम्ही त्याला वाचवत पळता आणि त्या धावपळीत समोरच्याचे घोडे-उंट फुकटात बाहेर येतात. तुमचे मात्र घरात लोळत पडलेले. आधी त्यांना उठवा, राजाला कोपऱ्यात नीट बसवा, मग या साहेबांना काढा." लग्नानंतर वहिनीलाही त्याने असंच शिकवलं. बायको म्हणून काही सूट नव्हती.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, हळूहळू बोलणंही परत आलं. तोवर वर्ग वहिनीने रेटला. "आता हे ठणठणीत आहेत, सोमवारपासून हेच शिकवतील," असं ती येईल-जाईल त्याला सांगत सुटली होती. मला तिच्या या घाईचा रागच आला. बघायला गेले, तर दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडून बसलेली.

दादाने राजापुढचं प्यादं सरकवलं. वहिनीनेही सरकवलं. आणि दादाने वजीर उचलून पार पटाच्या कडेला नेऊन ठेवला.

वहिनी हसली. "माझी परीक्षा घेताय होय?"

"खेळ ना," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

वहिनीने घोडा काढला, वजीर पळाला. उंट काढला, वजीर पुन्हा पळाला. मग दुसरा घोडा आला. शेवटी वजिराला जायला जागाच उरली नाही. वहिनीचा हात घोड्याकडे गेला, थांबला, आणि तिने भलतंच एक प्यादं उगाच पुढे केलं.

"माझा वजीर मरतोय, दिसत नाही?" दादा खेकसला. "मला काय कुक्कुलं बाळ समजतेस? घे तो!"

तिने घेतला. दादा पटाकडे बघत बसला. त्याचे घोडे, उंट जागचे हललेही नव्हते.

"दुसऱ्याच चालीला काढला मी?"

"हो."

"आणि मला कळलंही नाही."

वहिनीला रडू फुटलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

"सोमवारचं राहू द्या," ती कशीबशी म्हणाली. "नका येऊ म्हणून कळवते सगळ्यांना."

"वर्ग बंद करायचा नाही. तू शिकव. मी बसेन नवशिक्यांत." दादाने पट तिच्याकडे सरकवला. "आणि मी चुकलो तर आजच्यासारखी गय करू नकोस. मी कधी कुणाची केली नाही."