अक्का आणि अक्षरांचा डबा

अक्का कधी आवाज चढवत नसत. ज्या घरात नवऱ्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्या घरातल्या बाईबद्दल हे मुद्दाम सांगावं लागतं. गल्लीतला प्रत्येक माणूस मामांशी, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याशी, ओरडून बोलायचा. दूधवाला ओरडायचा, मीटर बघायला आलेला ओरडायचा, पुण्याहून आलेला त्यांचा मुलगासुद्धा बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा. अक्का मात्र मामांच्या समोर जाऊन उभ्या राहत, दंडाला हात लावत आणि साध्या आवाजात, कधी नुसत्या ओठांनी, सांगायचं ते सांगत. "ओरडलं की तोंड वाकडं होतंय," त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "वाकडं तोंड त्यांना वाचता येत न्हाय."

सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं लहानसं दुमजली घर होतं आणि वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. मी बार्शीकडची, एका खासगी शाळेत मराठी शिकवायला आलेली. मामांनी उभं आयुष्य यंत्रमागावर टॉवेल विणले होते. कारखान्यात मागांचा एवढा खडखडाट की शेजारी उभ्या माणसाशीही बोलायचं ते हातवाऱ्यांनी आणि ओठांनी. त्या कारखान्यातच त्यांचे कान गेले. अक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटांकडे न बघता त्या वळत राहत आणि बघायच्या समोरच्या माणसाच्या तोंडाकडे. नवऱ्यामुळे त्यांनाही ती सवय लागली असावी. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. त्या मराठीत "पोरगी आला" आणि "पाणी गेली" असं काहीही व्हायचं, पण त्यांना काय म्हणायचंय ते कळलं नाही असं कधी झालं नाही. मला त्या "टीचर" म्हणत आणि अगं-तुगं करत.

मुलाने मामांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते लावलं की पुन्हा कारखान्यात उभं असल्यासारखं वाटतं, म्हणून मामांनी ते कपाटात ठेवून दिलं. टीव्ही ते बघायचे तो बातम्यांचा, कारण खाली सरकणारी पट्टी वाचता यायची. मामा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. पेपर तर ते जाहिरातींसकट वाचून काढत. पण मी राहायला गेले त्या वर्षी त्यांनी ती पट्टीही सोडली. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि दिवे लागले की जेवून झोपून जायचे. कोणी आलं तर नुसती मान हलवायची. अक्का एकदा सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "टीचर, हे माणूस आतल्या आत चाललंय बघ. घरात हाय आणि न्हाय."

मग एका रविवारी एक छोटीशी गोष्ट घडली. मी जिन्यात बसून मोबाइलवर एक सिनेमा बघत होते, खाली मराठी अक्षरं येत होती. मामा तिथून जाताना थांबले. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. ते जिन्याच्या पायरीवर टेकले आणि सिनेमा संपेपर्यंत उठले नाहीत. मध्येच ते मोठ्याने हसले. अक्का स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मला विचारलं, "आत्ता त्यात हसायचं होतं का?"

"हो अक्का. विनोद होता."

"म्हंजे हसायच्या जागी हसले," त्या म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे टीव्हीवर पायजे. आणि चिन्नीच्या बोलण्याला पण अशी अक्षरं पायजेत."

चिन्नी म्हणजे पुण्यातली त्यांची नात. तिचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ मुलाने एका पेनड्राइव्हवर भरून दिले होते. नाचताना, सायकल शिकताना, कॅमेऱ्याकडे धावत येऊन काहीतरी सांगताना. धावत्या पोरीचे ओठ मामांना वाचता येत नसत. व्हिडिओखाली अक्षरं आपल्याला लिहिता येतात, एक साधी फाइल करायची असते, असं मी बोलून गेले, आणि अडकले.

मुलगा फोनवर म्हणाला, नवा मोठा टीव्ही पाठवतो. अक्कांनी ऐकलं नाही. टीव्ही चांगला होता. त्याला फक्त इंटरनेट आणि पेनड्राइव्ह दोन्ही चालवणारा एक डबा जोडायचा होता, आणि तो तीन हजारांच्या आत बसवायचा होता. वाय-फाय माझं होतंच. चिन्नी काय बोलते ते अक्कांना विचारून मी तिच्या वीस सेकंदांच्या व्हिडिओला चार ओळी मराठीत लिहून दिल्या. अक्कांनी तो पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधला आणि माझी शाळा सुटल्यावर आम्ही नवी पेठेत जायला लागलो. फक्त नळाला पाणी यायचं त्या दिवशी जायचं नाही, एवढाच नियम.

पहिल्या दुकानात पोराने टीव्हीच्या मागे खोचायची एक कांडी दाखवली. सगळ्यात जास्त हीच खपते, म्हणाला. चित्र सुंदर होतं. अक्कांनी पदराची गाठ सोडली आणि विचारलं, "हे कुटं घालायचं?" कांडीला पेनड्राइव्ह घालायला जागाच नव्हती. त्यासाठी वेगळी वायर मिळते, वायरीला आणखी एक जोड लागतो, असं तो सांगत गेला. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "मी विड्या द्यायला कारखान्यात गेले, हे घरात एकटे हायेत. मग कुठली वायर कुठं लावायची, ते त्यांना कोण सांगणार?" त्यावर आपल्याकडे काही उपाय नाही, हे पोराने सरळ कबूल केलं, म्हणून अक्कांना तो पोरगा आवडला. पुढे कितीदा तरी त्या त्याचं नाव काढायच्या.

दुसरीकडे एक बिननावाचा स्वस्त डबा मिळाला. त्यात सगळं फुकट दिसतं, असं दुकानदाराने दोनदा सांगितलं. पेनड्राइव्ह लगेच चालला. चिन्नी पडद्यावर आली, बोलायला लागली आणि तिच्या पायाखाली अक्षरांच्या जागी चौकोनांची रांग उमटली.

"आवाज बघा मावशी, किती क्लिअर हाय," दुकानदार म्हणाला.

"आवाज नको आमाला. अक्षरं दाखव."

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदाराने रिमोटची सगळी बटणं दाबून बघितली. अपडेट केलं की येईल, म्हणाला. "कर की, मी बसते," असं म्हणून अक्का खरोखरच स्टुलावर बसल्या आणि दुकानदाराने मागवलेला चहा पीत तासभर बसून राहिल्या. चौकोन काही हलले नाहीत. वर त्या डब्यात नेटवरचा सिनेमाही धुरकट दिसत होता. त्या उठल्या, डबा त्याच्या हातात दिला आणि "चहा बरा होता" एवढंच बोलल्या.

घरी येताना मला शंका आली. मी फाइल कॉम्प्युटरवर ज्या पद्धतीने जतन केली होती त्यातच चूक असू शकत होती. घरी येऊन तपासलं तर तसंच निघालं. म्हणजे चौकोनांचा निम्मा दोष माझा होता. मी घाबरतच अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्याला उगीच बोलले मी." दुसऱ्या दिवशी त्या मला आणि दुरुस्त केलेली फाइल घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेल्या, त्याला तसं सांगितलं आणि डबा परत लावायला लावला. आता काही अक्षरं दिसत होती, पण जोडाक्षरं फुटत होती, तसं मी अक्कांना सांगितलं. "आता तुझा दोष," त्या शांतपणे म्हणाल्या. दुकानदार हसला. त्यानेच आम्हाला एका बोळातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता दिला.

तिथला मिस्त्री पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने काहीही दाखवायच्या आधी विचारलं, "बघणार कोण?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दुकानांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं: कारखाना, कान, जिन्यातला सिनेमा, चिन्नी. मिस्त्री सोल्डरिंगची गन खाली ठेवून ऐकत राहिला. "म्हंजे नेटवरचं आणि पेनड्राइव्हमधलं एकाच रिमोटवर पायजे, आणि अक्षर मोठं पायजे. गाणी-बिणी न्हाय." त्याने एक साधा, काळा, तळहाताएवढा डबा काढला. चांगल्या कंपनीचा, पण मागच्या साली आलेला. पेनड्राइव्हची जागा बाजूलाच होती, हाताला लागेल अशी. त्यात त्याने व्हिडिओ चालवायचं एक फुकट अॅप घातलं, अक्षरं मोठी केली, पिवळी केली आणि त्यांच्यामागे काळी पट्टी टाकली.

चिन्नी आली. खाली ओळ आली. अक्कांना मराठी वाचता येत नव्हतं, हे मला त्या क्षणी नीट उमगलं. इतके दिवस ही बाई स्वतःला न वाचता येणाऱ्या अक्षरांसाठी दुकानं पालथी घालत होती. "वाचून दाखव," त्या म्हणाल्या. मी वाचलं. "सगळं बरोबर हाय? फुटलेलं न्हाय ना?" नाही म्हटलं. मग त्या टीव्हीपासून पावलं मोजत मागे गेल्या. दुकान संपलं, पायरी संपली, त्या बोळात उतरल्या. "हितं ये. ह्यांची खाट एवढ्या लांब हाय. हितनं वाच." मी बोळात उभी राहून चिन्नीच्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत थांबला होता. मिस्त्रीने त्याला हाताने थोपवून धरलं.

डबा घरी आला आणि मामा दारातली खुर्ची आत घेऊन आले. हळूहळू ते जेवणानंतर जागायला लागले. सिनेमात काय झालं ते अक्कांना सांगायला लागले. आता विड्या वळत ऐकायचं काम अक्कांचं होतं. आणि संध्याकाळी माझी शिकवणी संपली की आम्ही चिन्नीचे व्हिडिओ लिहायला बसायचो. ती तेलुगूत बोलायची, मला ते कळायचं नाही. अक्का मराठीत सांगायच्या, मी टाइप करायचे.

काही आठवड्यांनी मला एक गोष्ट खटकायला लागली. पोरगी दोन शब्द बोलून पळून जायची आणि अक्का तीन ओळी सांगायच्या. "आजोबा, तुम्ही हल्ली अर्धीच भाकरी खाता. आजोबा, दारात एकटे बसू नका, मला बरं वाटत नाही."

"अक्का, ती एवढं बोलली?"

"बोलली की."

"इतक्यात?"

अक्कांची बोटं विडीवर दोरा गुंडाळत होती. "मनात बोलली," त्या म्हणाल्या. "लिही तू." मी लिहिलं. वाचायला वेळ पुरावा म्हणून त्या ओळी पडद्यावर जरा जास्त थांबवल्यासुद्धा.

दोन वर्षांनी मला बार्शीच्या शाळेत नोकरी मिळाली. मी सामान बांधत होते, तेव्हा मामा वर आले. पुस्तकांच्या खोक्याला त्यांनी अशी सुरेख दोरी बांधली की सोडवावीशी वाटू नये. मग त्यांनी जिन्याकडे एक नजर टाकली आणि नुसते ओठ हलवून मला काहीतरी सांगितलं. मला ओठ वाचता येत नाहीत, हे ते विसरले होते. मी खुणेने तसं सांगितल्यावर त्यांनी माझं पेन घेतलं आणि खोक्यावर लिहिलं, 'चिन्नी एवढं बोलत नाही. मला तेवढं दिसतं. ते हिचं बोलणं आहे. हिला सांगू नका.' मी वाचलं, हे बघून त्यांनी ते खोडून काढलं आणि खोकं उचलून खाली नेलं. खाली अक्का माझ्यासाठी शेंगाचटणीचा डबा भरत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता चार दिवसांत संपलं, असं मुलाने फोनवर सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा सूप भिंतीला उभं टेकवलेलं होतं आणि मामा टीव्हीसमोरच्या खाटेवर बसले होते. चिन्नीचे नवे व्हिडिओ येऊन पडलेले होते. मी वहीत लिहून विचारलं, 'मी सूनबाईंना अर्थ विचारून ह्यांना ओळी लिहून देऊ का?' मामांनी वाचून वही मिटली. "नको," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना कळायचा नाही, म्हणून तो जरा मोठाच निघाला.

गेल्या महिन्यात दुपारच्या सुट्टीत मामांचा मेसेज आला. टीव्हीच्या पडद्याचा फोटो होता. चिन्नी ओट्यापाशी उभी, हाताला पीठ, आता बरीच उंच झालेली. इंग्रजी शाळेत शिकणारी ही पोरगी मराठी कधी लिहायला लागली, मला माहीत नव्हतं. खाली पिवळ्या अक्षरांत होतं: 'आजोबा मि आज भाकरि केलि. गोल नाहि झालि. तूम्ही आलात कि परत करीन.'

त्याखाली मामांनी लिहिलं होतं, 'तिने स्वतः लिहून पाठवलं आहे. टीचर, हे तपासायचं नाही.'

समोर चौथीच्या वह्यांचा गठ्ठा होता आणि हातात लाल पेन होतं. मी पेन टेबलावर ठेवलं आणि त्या तीन ओळी पुन्हा एकदा, जशा होत्या तशा वाचल्या.