सिदू धनगर कॅमेऱ्यापुढं उभा राहिला

माकणीच्या सिदू धनगराला उभं राहताना ज्यानं पाहिलं नाही, त्याला सांगून पटायचं नाही. हनुवटीखाली काठी टेकवून, एका पायावर भार देऊन तो असा उभा राहायचा की साळुंक्या येऊन मेंढराच्या पाठीवर बसाव्यात तशा याच्या खांद्यावर बसायच्या. आणि तो थांबला की सगळा कळप थांबायचा. हाक नाही, शीळ नाही, भिरकावलेलं ढेकूळ नाही. तो चालला की तीनशे मेंढरं चालायची, थांबला की जागच्या जागी खिळायची. गावातले मास्तर वर्गातली चाळीस पोरं गप्प करता करता घायकुतीला यायचे, आणि हा बाबा तोंडातून अक्षर न काढता अख्खा कळप राखायचा. पण लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीचं कोण कशाला नवल करील?

बायको अयोध्या तापानं गेली तेव्हा पोरगं अजून धड बोलत नव्हतं. लोकांनी दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला, सिदूनं तो कानाआड केला. पोराला घोंगड्याच्या झोळीत बांधलं आणि कळपामागं निघाला. तेरणेच्या काठानं वर बालाघाटाच्या डोंगरापर्यंत, तिथून खाली ढोकीच्या कारखान्याच्या उसाच्या पट्ट्यात. ऊस तुटून गेला की शेतकरी मेंढरं शेतात बसवून घ्यायचे. त्यांना खत मिळायचं, सिदूला ज्वारी. बाहत्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला सडकेवर गेलं. सिदू मेंढरं घेऊन पार कर्नाटकात उतरला. पण जाताना पोरगं बहिणीच्या, जगदेवीच्या ओटीत घालून गेला, शाळा बुडू नये म्हणून. ते पोरगं म्हणजे महारुद्र. शाळेला असं चिकटलं की तुळजापूरच्या बोर्डिंगातून थेट पुण्याला, सिनेमा शिकवणाऱ्या कॉलेजात जाऊन पोचलं.

“शिनिमा शिकतंय म्हंजे करतंय काय? नाचतंय?” असं पारावर कुणीतरी विचारलंच.

“शिकतंय ते शिकू द्या की,” एवढंच सिदू म्हणाला.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात महारुद्र कॅमेरा घेऊन गावाला आला. पावसानं ओळीनं दगा दिलेला. तेरणेच्या पात्रात नुसती वाळू, आणि खालच्या अंगाला धरणाचा बांध चढत चाललेला. ज्या वाटेनं सिदूचा कळप पात्र ओलांडायचा ती वाट आता पाण्याखाली जाणार होती. महारुद्रच्या डोक्यात सिनेमा होता तो याच वाटेचा. पण कॉलेजची रीत कडक. आधी सिनेमाची नुसती सुरुवात करून दाखवायची. ती पसंत पडली तरच पुढचा सिनेमा करायला मिळणार, नाहीतर वर्षभर दुसऱ्याच्या सिनेमात शॉटच्या आकड्याची पाटी धरून उभं राहायचं. आणि त्या सुरुवातीसाठी फिल्मचा एकच डबा. कॅमेऱ्यात घातला की तीन मिनिटांच्या आत खलास, आणि दुसरा मागायची सोय नाही. पोराची तहानभूक त्या डब्यापायी पळाली होती.

बरोबर त्याचा दोस्त होता, महांतप्पा. उमरग्याचा, घरी कानडी बोलणारा, कॅमेरा चालवायला शिकत असलेला. पहिल्या संध्याकाळी दोघं सिदूला घेऊन पात्रात बसले. महारुद्रनं वाळूवर बाभळीच्या शेंगा मांडल्या.

“हे बगा आबा. आधी नुसतं रिकामं पात्र दिसतंय. मग लांब धुरळा. मग धुरळ्यातनं तुमी येताव, मागं मेंढरं. तुमी सरळ कॅमेऱ्याच्या अंगावर यायचं आन् बाजूनं निघून जायचं. मागनं मेंढरांचा लोंढा दोन्ही अंगानं वाहत जाणार. कोरड्या नदीला पूर आल्यावानी.”

पुराची ही कल्पना त्याला इतकी आवडली होती की सांगता सांगता तो शेंगा पुन्हा पुन्हा मांडत होता. सिदूनं शेंगांकडं बघितलं, पात्राकडं बघितलं.

“थांबायचं न्हाय,” महारुद्र म्हणाला. “आन् कॅमेऱ्याकडं बगायचं न्हाय. रोजच्यावानी चालायचं.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी तालीम झाली. काय चालला म्हातारा! आला, बाजूनं गेला, आणि मागनं मेंढरं अशी वाहिली की महांतप्पा कॅमेऱ्यावरचा हात काढायचं विसरला. “तुझे वडील जन्मजात नट आहेत रे,” तो म्हणाला. महारुद्रला त्या रात्री पहिल्यांदा पोटभर भाकरी गेली.

जेवताना सिदूनं विचारलं, “आज त्या पेटीत फिलिम व्हती का?”

“न्हाय आबा. आज नुसती तालीम. खरं उद्या.”

“उद्या खरं,” सिदू म्हणाला. मग उठला, जगदेवीच्या रांजणातलं लोटाभर पाणी मागून घेतलं आणि पटका धुतला. पिण्याच्या पाण्यासाठी बाया कोसभर जात होत्या तेव्हाची ही गोष्ट. जगदेवी भावाकडं बघतच राहिली.

सकाळी ऊन वर यायच्या आत काम सुरू झालं. रिकामं पात्र टिपून झालं. धुरळा झाला. उरली ती अर्ध्याहून जास्त फिल्म, आणि मुख्य देखावा. महारुद्रनं लांबून पंचा हलवला. धुरळ्यातून सिदू निघाला. डोक्याला पांढराफेक पटका, खांद्यावर घोंगडं, मागं मेंढरं. महारुद्र पावलं मोजत होता. दहा पावलं राहिली, आठ राहिली. आता अंगावर येणार, आता बाजूनं वळणार, आणि सिदू थांबला.

नुसता थांबला नाही. काठी हनुवटीखाली घेतली नाही, अंगाजवळ सरळ धरली. दोन्ही पाय जुळवले, घोंगडं सारखं केलं, मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात बघत उभा राहिला. मागं सगळा कळप थांबला. महारुद्रनं हातवारे केले, चला, चला म्हणून. सिदूची पापणीही लवली नाही. महांतप्पानं कॅमेऱ्यामागून खुणेनं विचारलं, बंद करू? महारुद्रला वाटलं, आता हलेल, आता हलेल. त्या आशेवर फिल्म फिरत राहिली आणि शेवटी कॅमेऱ्याचा आवाज बदलला. डबा संपला होता.

“बंद झाली का पेटी?” सिदूनं ओठ हलवल्या न हलवल्यासारखं करून विचारलं.

“झाली.”

तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं श्वास सोडला.

“आबा, काय केलंत हे? थांबू नका म्हणलं व्हतं न्हवं? सगळ्याचं वाटोळं झालं.” महारुद्र एवढंच म्हणाला, पण ज्या सुरात म्हणाला तो सूर पात्रात लांबवर ऐकू गेला. सिदूनं काठी खांद्याला लावली. चार पावलं चालला, कळप त्याच्यामागं चालू लागला आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला. अगदी पूर यावा तसा. आता टिपायला फिल्म नव्हती. पोरगं त्याच सांजेच्या एसटीनं पुण्याला गेलं.

तिथं संकलनाच्या खोलीत, फिल्म पुढंमागं फिरवणाऱ्या टेबलापाशी बसून महारुद्रनं डोकं फोडायचं तेवढं फोडलं. रिकामं पात्र लांबवलं, धुरळा दोनदा लावला, बापाची चाल तेवढी ठेवली आणि तो थांबायच्या आधी कात्री मारली. थांबलेला भाग कापून खिळ्याला टांगून ठेवला. तुकडा जोडून बघितला, तर तो कुठंच जात नव्हता. माणूस यायचा आणि गडप व्हायचा. पूर येतो येतो म्हणून वाट बघावी आणि पडदा काळा व्हावा.

दाखवायचा दिवस आला. संकलन शिकवणारे सर बोलायला कडू, पण नजरेला पक्के. त्यांनी तुकडा बघितला.

“हा माणूस गेला कुठं?” त्यांनी विचारलं.

महारुद्रनं मान खाली घालून खरं ते सांगितलं. वडील मधेच थांबले, फिल्म वाया गेली.

“वाया गेलेली दाखव.”

खिळ्यावरची पट्टी आली, मशीनवर चढली. खोलीत दहाबारा पोरं होती, काही हसायच्या तयारीत. पडद्यावर सिदू चालत आला आणि थांबला. त्याच्यामागं पहिली रांग थांबली, मग तिच्यामागची, मग तिच्यामागची. पार धुरळ्यात दिसेनासं होईपर्यंत एकेक मेंढरू थांबत गेलं. मग धुरळाही खाली बसला. कोरडं पात्र, तीनशे मेंढरं आणि एक माणूस, आणि सगळं असं निश्चळ की एका पोरानं मशीन अडकली का म्हणून वाकून पाहिलं. मशीन फिरत होती. कोपऱ्यातल्या एका कोकरानं कान हलवला तेव्हा सगळ्यांना कळलं की हे चित्र नाही, वेळ चाललाय. आणि त्या सगळ्याच्या मधोमध सिदू त्यांच्याकडं बघत होता. रागानं नाही, लाचारीनं नाही. नुसता बघत होता.

महारुद्रनं हा माणूस जन्मापासून पाहिलेला. याच्या पाठीवर तो झोपला होता, याच्या ताटात जेवला होता. पण आपला बाप एवढा मोठा दिसतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. कॅमेऱ्यासमोर थांबला म्हणून ज्या बापावर तो ओरडला, तो हा. पट्टी संपून पांढरा उजेड पडला तरी कुणी जागचं हललं नाही. महांतप्पा डोळे पुसत होता आणि त्याची त्याला लाज नव्हती.

“बाकीचं काढून टाक,” सर म्हणाले, आणि त्यांचा कडू आवाज कुठल्या कुठं गेला होता. “एवढंच ठेव. याला कात्री लावशील तर याद राख. आणि पुढच्या सिनेमाच्या तयारीला लाग.”

दसऱ्याच्या सुट्टीत महारुद्र घरी आला. सिदू तेव्हा ढोकीच्या बाजूला होता, मूग-उडीद निघालेल्या एका शेतात मेंढरं बसवून. पोरानं पाया पडून सगळं सांगितलं. सिदूनं ऐकून घेतलं. सिनेमा पास झाला म्हणजे बरं झालं, म्हणाला. मग महारुद्रनं खिशातून कागदात गुंडाळलेली पट्टी काढली. त्या देखाव्याच्या जादा छापलेल्या प्रतीतला हातभर तुकडा होता.

“हे काय?”

“तुमी हाव आबा. उजेडाला धरून बगा.”

सिदूनं पट्टी उन्हाकडं धरली. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक. प्रत्येकात पटका, घोंगडं, काठी. तो वरून खाली बघत गेला, पुन्हा वर गेला, एकेका चित्राशी थांबला. 

“एकातबी हललो न्हाय,” तो म्हणाला.

आणि पट्टी तशीच हातात धरून खाली बसला. मग बोलायला लागला, मेंढरांकडं बघत.

“तुज्या आईचा एकच फोटू. तुळजापुरात काढला व्हता, तू मांडीवर व्हतास तवा. फोटूवाला म्हणला, हलायचं न्हाय. पर तू हुंकारलास, आन् तिनं मान वळवून तुज्याकडं बगितलं. फोटू आला तर तिच्या तोंडाच्या जागी नुस्तं पांढरं. म्हणलं, फुडल्या जत्रंत दुसरा काढू. फुडल्या जत्रंला ती नव्हती.”

महारुद्र ऐकत होता. लहानपणी त्यानं किती वेळा विचारलं होतं, आई कशी दिसायची, आणि आबा दर वेळी उठून मेंढरांकडं निघून जायचे.

“तुला मी काय दाखवणार व्हतो? म्हणून तो फोटू कवा काढलाच न्हाय भाईर. मग तू ती पेटी घेऊन आलास. म्हणलं, हिच्यात आपुन तरी नीट निघावं. उद्या तुजी पोरं ईचारतील, आजा कसा व्हता म्हणून. तवा तुला उठून जायची पाळी येऊ न्हाय.”

महारुद्र बापाशेजारी जमिनीवर बसला. त्यानं विचारलं, “आबा, मग त्या दिशी पात्रात मी एवढे हात करत व्हतो, तवाच का न्हाय सांगितलं?”

सिदूनं पोराकडं बघितलं.

“बोललो असतो तर हललो असतो की रं.”