सुमीचं शाळेचं गणित

खेडहून आबांचा आशीर्वाद. वसंता, पाठ कशी आहे? सूनबाईंचा खोकला गेला का? धाकट्याला दात आले का?

आज तुमच्या सुमीला अपूर्णांक शिकवायला बसलो. अर्धा अधिक पाव बरोबर दोन छेद सहा, असं तिने पाटीवर लिहिलं. वरचे आकडे मिळवले, खालचेही मिळवले.

मी तांदळाची मापं आणली. "अर्धा शेर नि पावशेर?"

"पाऊण शेर."

"मग पाटीवर असं का?"

"आबा, ते घरचं गणित, हे शाळेचं."

पुढे अर्धा अधिक एक तृतीयांश आला. त्याचं माप घरात नाही, नि मलाही येईना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

परवा परीक्षा. ती नापास होणार, हे दिसतंय. नापास झाली तर शाळा बंद, असं तू लिहिलंयस. माझ्या अडाणीपणाची शिक्षा तिला का रे? निकालाआधी दोन ओळी टाक.