रवंथ न करणारा पेशंट

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले तात्याराव हडपसरच्या गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले. सरकारी कागदावर व्रणोपचारक, बाकी सगळ्यांच्या तोंडी ड्रेसर. चौतीस वर्षं त्यांनी बैलांच्या जखमा धुतल्या, अडलेल्या म्हशी सोडवल्या. पण डॉक्टरांनी विचारल्याखेरीज स्वतःचं मत कधी सांगितलं नाही. मुलगा प्रज्ञेश आयटी कंपनीत लागला, त्यानं कर्वेनगरला फ्लॅट घेतला, आणि तात्याराव अशा सोसायटीत आले जिथे गाय फक्त कॅलेंडरवर होती.

२००७ च्या डिसेंबरात वरच्या मजल्यावरची दीपाली दोन महिन्यांसाठी ऑनसाइट, म्हणजे परदेशी, निघाली. ही प्रज्ञेशच्याच कंपनीतली. जाताना काचेच्या पेटीसकट आपला मिठू तात्यारावांच्या हवाली करून गेली. नाव ऐकून मी पोपट बघायला गेले, तर आत हातभर लांबीचा हिरवा सरडा! इग्वाना म्हणतात त्याला. शेपटी निराळी मोजायची.

"काका, तुम्ही व्हेट होतात ना?" दीपालीनं विचारलं.

"डाक्टर नव्हतो, पोरी. ड्रेसर."

"सेमच की!"

"सेम असतं तर दारावर पाटी नसती का लागली?" स्वयंपाकघरातून हिराताई, म्हणजे तात्यारावांची बायको.

दीपाली हसली. पण पेटीची काच बंद करून ती पुन्हा वळली. "काका, नीट ठेवाल ना? पुण्यात माझं म्हणावं असा हा एकटाच आहे."

"ठेवीन," तात्याराव म्हणाले. एवढंच.

सकाळची वंदना आटोपली की ते पेटीपुढे स्टूल घेऊन बसायचे. मिठूच्या नाकाशी पांढरी खपली दिसायची, मधूनच तो शिंकायचा. तात्यारावांनी सर्दी ठरवली आणि ओव्याची पुरचुंडी शेजारी ठेवली. सर्दी हटेना. (हे सरडे अंगातलं मीठ असं शिंकून टाकतात, हे आम्हाला फार नंतर कळलं.) मग त्यानं पालक खाणं सोडलं. एकदा दुपारी मी वाटीभर मटार द्यायला गेले, तर तात्याराव टक लावून त्याच्या जबड्याकडे बघत होते.

"काय बघताय?"

"रवंथ. दोन दिस झाले, एकदा बी केला नाही यानं."

"तात्या, सरडा रवंथ करतो?"

"नसंल करत. पण ताई, मग याला बरं नाही, हे बघायचं कशावरनं? नाकपुडी ओली नाही, कान गरम-गार बघावेत तर कानच नाहीत. डोळा तर कायम असा, जशी काय आपलीच चूक हाय."

पुढच्या आठवड्यात मिठूचे मागचे पाय थरथरू लागले. तात्यारावांनी मला हाक मारली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ही थरथर मी बघितलीय."

"कुठे?"

"म्हशीत. व्याली की अंगातलं कॅल्शियम उतरतं, मग अशीच कापते. पण हा कुठं व्यालाय?"

"मग द्या की कॅल्शियम," मी म्हटलं.

"आणि मेला तर? पोरीला काय सांगू, म्हैस समजून दिलं म्हणून?"

हिराताईंनी उशीचा जुना अभ्रा पुढे केला. "घाला त्याला यात आणि दवाखान्यात न्या. इथं बसून दोघं मिळून थरथरू नका."

नारायण पेठेतल्या दवाखान्यात रिक्षानं गेलो. डॉक्टर चैताली तरुण, कुत्र्या-मांजरांच्या. अभ्र्यातून शेपटी निघाली तशा त्या एक पाऊल मागे सरल्या.

"खरं सांगू? कॉलेजात यांच्यावर आम्हाला दीड पान होतं." त्यांनी तपासलं, पुस्तक उघडलं, मिटलं. "इन्फेक्शन वाटतंय. अँटिबायोटिक देऊन बघू."

इंजेक्शन भरेपर्यंत तात्यारावांनी मिठूचं डोकं धरून ठेवलं होतं. त्यांचा अंगठा जबड्याखाली गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुईकडे, मग जमिनीकडे. चौतीस वर्षांची सवय.

"तात्या, बोला ना," मी म्हणाले.

"मॅडम, चुकत असंल तर सोडून द्या." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "याचा जबडा रबरासारखा लागतोय. पायाची थरथर म्हशीच्या कॅल्शियमसारखी. हा म्हैस नाही, हे मला ठाऊक हाय."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि स्वतः जबडा दाबून पाहिला. मग एक्स-रे. त्यांनी तो उजेडात धरला, तर हाडं धुक्यात उभी असावीत तशी पुसट. "काका, बरोबर आहे तुमचं. याला ऊन मिळतं का?"

"रोज! खिडकीतच ठेवतो. थंडी लागू नये म्हणून काच लावून."

"याच्या हाडांना लागतं ते ऊन काचेतून आत येत नाही. त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही."

तात्यारावांनी आपला तळवा पुढे केला. "दिसतं ना पण? हाताला गरम बी लागतं. आणि पोचत नाही म्हणता?"

दीपालीनंही दीड वर्ष त्याला काचेआडच ठेवलं होतं, हे मी परतताना सांगून बघितलं. त्यांचं समाधान झालं नाही. "तिला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं होतं? मग चौतीस वर्षं मी काय शिकलो?"

जगेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. कॅल्शियमचे थेंब आणि गच्चीवरचं ऊन, एवढंच. रोज दहा वाजता तात्याराव मिठूला मांडीवर घेऊन गच्चीत बसू लागले. पापड वाळत घालायला आलेल्या बायका जिन्यातूनच माघारी फिरायच्या. दीपालीचा फोन आला की ते "हाय, बसलाय उन्हात" म्हणायचे आणि पुढचं न बोलता फोन हिराताईंच्या हाती द्यायचे.

पंधराव्या दिवशी साडेदहालाच आमची बेल वाजली. तात्यारावांच्या सदऱ्याची बाही फाटलेली, मनगटापासून कोपरापर्यंत चार ताजे ओरखडे.

"ताई, डेटॉल हाय का?"

"अहो, हे काय!"

"पेटीत ठेवायला गेलो, तर हात सोडीचना. नखं रुतवली. मागल्या पायांची बी." कापूस लावत होते मी, आणि ते हाताकडे बघत होते. "जोर आलाय म्हणायचा, का माझा राग आलाय? बैलाचं कळतं हो. याचं काय समजायचं?"

"काय माहीत," मी म्हणाले.

"पोरीला मात्र आज मीच फोन लावतो," असं म्हणून ते उठले.